कृष्णाकाठचा सामायिक नकाशा : प्रकल्प नोंदी (मिरज व पलूस तालुके, जि. सांगली)

काम एवढेच आहे. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीवर किंवा ४५ फुटांच्या धोका पातळीवर आले की जमिनीचे कोणते गट, कोणते रस्ते, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि निवारा केंद्रे पाण्यात जातात, याची एकच यादी निघावी. आज प्रत्येक कार्यालय ही यादी आपापल्या नकाशावरून काढते आणि दोन याद्या जुळत नाहीत. माहिती सगळ्यांकडे आहे, पण एकाची दुसऱ्याला वापरता येईल अशा रूपात नाही.

६ जानेवारी

थर आणि त्यांचे धनी ठरवले. थर म्हणजे नकाशावरची एका विषयाची माहिती, धनी म्हणजे ती राखणारे कार्यालय. गटनकाशे आणि नगर भूमापनाचे नकाशे भूमी अभिलेखचे. सातबारा महसूलचा. निळी-लाल पूररेषा आणि पूल-बंधाऱ्यांवरच्या पातळ्या जलसंपदाच्या. रोहित्रे, उपकेंद्रे आणि तारा महावितरणच्या. मिळकतींची ठिकाणे शहरात महापालिकेची, बाहेर ग्रामपंचायतीची. निवारा केंद्रे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाची.

एका थराचा धनी एकच. बाकीच्यांनी तो वाचायचा, दुरुस्त करायचा नाही. चूक दिसली तर धन्याला कळवायची आणि दुरुस्ती त्याच्याकडून आली की आपली प्रत बदलायची. हा नियम जाचक वाटतो, पण तो मोडला की सहा महिन्यांत एकाच रस्त्याच्या पाच आवृत्त्या होतात आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

रस्त्यांवर पहिल्याच दिवशी अडलो. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग बांधकाम विभागाकडे. मधे दर्जोन्नती झाली की रस्ता एका यादीतून निघून दुसरीत जायला हवा. प्रत्यक्षात काही रस्ते दोन्ही याद्यांत दिसतात, काही दोन्हींतून गळतात. पुराच्या दृष्टीने गळलेला रस्ता जास्त धोक्याचा, कारण त्यावर बॅरिकेड लावायची जबाबदारी कोणाच्याच कागदावर नसते. म्हणून रस्त्याच्या थरात ‘सध्याचा धनी’ आणि ‘कोणत्या तारखेपासून’ हे दोन रकाने सक्तीचे केले.

१३ जानेवारी

मागणीपत्रांचा मसुदा. आधाराला दोन गोष्टी पुरतात. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे पत्र त्यांच्या सहीने जावे. दुसरी, केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक (ठिकाणाशी जोडलेल्या, नकाशाच्या) माहितीविषयीच्या मार्गदर्शक सूचना. सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता सार्वजनिक पैशातून तयार झालेली भूस्थानिक माहिती शासकीय यंत्रणांना विनाशुल्क मिळावी, असे त्यांत म्हटले आहे. डिसेंबर २०२२ चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण त्याच वाटेने पुढे जाते. ‘फी भरून नक्कल घ्या’ असे उत्तर आले तर याच सूचनेचा हवाला द्यायचा.

युरोपीय संघाचा भूस्थानिक माहितीविषयी २००७ चा इन्स्पायर नावाचा निर्देश आहे, त्यातले सतरावे कलम मसुदा करताना समोर ठेवले. माहिती देऊ, असे नुसते म्हणून ते थांबत नाही. एका सार्वजनिक यंत्रणेची माहिती दुसरीने प्रत्यक्ष वापरायला घेतली की त्या क्षणी आडवे येणारे अडथळेच नकोत, असे ते बजावते. आपल्याकडे नेमके तिथेच बिघडते. सीडी मिळते, पोहोच मिळते, फाइल मात्र उघडत नाही.

म्हणून ‘नकाशा मिळावा’ एवढेच लिहायचे नाही. पत्रात मागायचे ते असे : फाइल मूळ रूपात, पीडीएफ किंवा फोटो नको, कोणत्या डेटमवर (मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार) आणि कोणत्या प्रक्षेपावर (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची रीत) आहे, कोणत्या तारखेच्या स्थितीची आहे, मूळ मोजणी कोणत्या प्रमाणावर झाली, प्रत्येक रकान्याचा अर्थ, आणि शंका विचारायला पदनाम व कार्यालयाचा दूरध्वनी. माणसाचे नाव नको, बदली झाली की ते निरुपयोगी होते.

२१ जानेवारी

फाइली येऊ लागल्या. एका विभागाची शेपफाइल (संगणकी नकाशाची प्रचलित फाइल) पेनड्राइव्हवर आली, पण चारपैकी दोनच तुकडे. शेपफाइल दिसायला एक, असते तीन-चार फाइलींची मोट : आकारांची एसएचपी, अनुक्रमाची एसएचएक्स, माहितीची डीबीएफ आणि प्रक्षेप सांगणारी पीआरजे. देणाऱ्याने नावावरून ‘मुख्य’ वाटलेल्या दोनच उचलल्या. पीआरजे नसेल तर आकडे मिळतात, पण ते कुठून मोजलेले हे कळत नाही. अंदाजाने प्रक्षेप लावायचा नाही, फाइल परत मागवायची.

दुसऱ्या एका थरातली गावांची नावे वाचताच येईनात. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर संगणकाला इंग्रजी अक्षरेच वाटतो, त्या फाँटशिवाय तो कचरा दिसतो. रूपांतरक वापरले तरी रफार आणि जोडाक्षरे बिघडतात. ‘कर्नाळ’ आणि ‘अर्जुनवाड’ तपासून पाहिले की लगेच कळते.

मराठी रकान्यांची आणखी एक खोच. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्राही वेगळी मोजून. म्हणजे ‘गाव’ बसते, ‘तालुका’ मधेच तुटतो. मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे देवनागरीत ८४ चिन्हे. लांबलचक शेरा तिथेच कापला जातो आणि कापल्याचे कुठे दाखवत नाही. यापुढे देवाणघेवाण जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या नकाशा-फाइलमध्येच. एकच फाइल, युनिकोड, प्रक्षेप आत नोंदलेला.

२९ जानेवारी

डेटमचा घोळ. एका कार्यालयाचा थर बाकीच्यांपासून दीडशे मीटर सरकलेला दिसला. सरक सगळीकडे सारखी, एकाच दिशेला. अशी एकसारखी सरक दिसली की मोजणीवर संशय घ्यायचा नाही, डेटम बघायचा. तो थर जुन्या एव्हरेस्ट गोलाभावरचा (गोलाभ म्हणजे पृथ्वीचा गणिती आकार) निघाला, बाकीचे जीपीएस वापरते त्या डब्ल्यूजीएस ८४ वरचे. आपल्या भागात या दोहोंतला फरक शंभर ते दोनशे मीटरच्या दरम्यान पडतो. शहरात एवढ्या अंतरात गल्ली बदलते.

थर हाताने ओढून बसवायचा मोह होतो. तसे केले तर पुढच्या वेळी नवी प्रत आली की पुन्हा ओढावे लागते, आणि कोणी किती ओढले त्याची नोंद राहत नाही. डेटम घोषित करून संगणकाकडूनच रूपांतर करून घेतले.

सामायिक प्रक्षेप यूटीएम या जागतिक पद्धतीतली ४३ उत्तर ही पट्टी, संगणकातला तिचा कोड ईपीएसजी ३२६४३. ही पट्टी ७२ ते ७८ अंश रेखांशांची, त्यामुळे कराडपासून अलमट्टीपर्यंतची कृष्णा एकाच पट्टीत येते. ओळखीची खूण : सांगली शहरात पूर्वेचा आकडा मीटरमध्ये ४ लाख ५४ हजारांच्या आसपास आणि उत्तरेचा १८ लाख ६३ हजारांच्या आसपास. फाइल उघडल्याबरोबर हे आकडे बघायची सवय लावावी.

क्षेत्रफळ मात्र या प्रक्षेपाच्या ग्रिडवरून (चौकटींच्या जाळ्यावरून) घ्यायचे नाही. सांगलीजवळ जमिनीवरचा एक किलोमीटर ग्रिडवर सुमारे ३७ सेंटीमीटर कमी भरतो, हेक्टरमागे साडेसात चौरस मीटर. तेवढ्यावरून वाद होतात. क्षेत्राच्या रकान्यात सातबाऱ्यावरचा आकडा, नकाशावरून निघालेला आकडा वेगळ्या रकान्यात आणि ‘फक्त तपासणीसाठी’ असा शेरा.

५ फेब्रुवारी

गटनकाशे बसवणे. प्रत्येक गावाला किमान सहा नियंत्रण बिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा), त्यांतले निदान दोन शिवेवरचे. उत्तम बिंदू म्हणजे तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, त्याखालोखाल जुनी बांधीव विहीर आणि गावठाणाचा कोपरा. नदीचा काठ नियंत्रणासाठी घ्यायचा नाही. कृष्णेची मळी (काठची गाळाची जमीन) दर पुराला हलते. नकाशावरचा काठ मोजणीच्या वर्षाचा आणि उपग्रहचित्रातला काठ आजचा. दोन्ही जुळवायला गेलो तर अख्खे गाव वाकडे होते.

रूपांतर साधे ठेवले : सरकवणे, फिरवणे, लहानमोठे करणे. रबरासारखा ताण देऊन बिंदू बसवायचे नाहीत, कारण मग प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दिसते आणि मधली शेते वेडीवाकडी होतात. पाच बिंदूंवर चूक तीन-चार मीटर आणि सहाव्यावर वीस मीटर आली तर सहावा काढून टाकायचा नाही, जाऊन बघायचा. बहुधा दगड हललेला असतो किंवा आपण भलतीच विहीर धरलेली असते.

जुन्या मोजणीची टिपणे वाचताना एक चूक हमखास होते. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. टिपणावर ४-८ लिहिलेले असेल तर ते चार साखळ्या आठ आणे, म्हणजे साडेचार साखळ्या. संगणकावर भरणारा ते ४.८ असे भरतो. फरक ०.३ साखळीचा, म्हणजे जवळजवळ दहा फूट, आणि तो प्रत्येक बाजूला वेगवेगळा येतो. आकृती बंद होत नाही आणि दोष टिपणाला दिला जातो. भरणीच्या तक्त्यात साखळी आणि आणे असे दोन रकाने केले. आण्यांत १५ पेक्षा मोठा आकडा गेला की तक्ता थांबतो.

१४ फेब्रुवारी

जोडणीचा दिवस. नकाशावरचा गट आणि सातबाऱ्यावरचा गट जुळवायला दोन्हीकडे एकच खूण लागते. नावावर जोड करायचीच नाही. मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज ही दोन वेगळी गावे. यादीत नुसते ‘डिग्रज’ आले की एकाची शेते दुसऱ्यात जातात. वाळवा गावही आहे आणि तालुकाही. म्हैसाळ, म्हैशाळ, दुधगाव, दूधगाव. जोड फक्त गावाच्या कोडवर, आणि कोणता कोड तेही लिहून : जनगणना २०११ चा की स्थानिक शासन निर्देशिकेचा. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याचा कोड ५३१. दुसऱ्या यादीत दुसरा. दोन्ही रकान्यांना नुसते ‘कोड’ म्हटले की चुकीची जोड शांतपणे होऊन जाते.

गट क्रमांकाने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एका यादीत ११२/२/ब, दुसरीत ११२/२बी, तिसरीत ११२-२-ब. एकात अंक देवनागरी, एकात इंग्रजी. माणसाला हे सगळे एकच, संगणकाला चार. सगळे एकाच साच्यात आणले : इंग्रजी अंक, तिरपी रेघ, मराठी अक्षर, मधे मोकळी जागा नाही.

त्याहून वाईट काम एक्सेल करते. ३/२ हा हिस्सा भरला की त्याची तारीख होते, मार्च किंवा फेब्रुवारीतली. फाइल जतन झाली की मूळ ३/२ गेले, मागे राहतो तो तारखेचा अनुक्रमांक. तारीख म्हणून वाचता येतील असे लहान आकड्यांचे हिस्सेच असे बिघडतात, म्हणून लक्षात यायला उशीर लागतो. उपाय : सीएसव्ही (यादीची साधी मजकूर-फाइल) दोनदा टिचकी मारून उघडायची नाही; आयात करताना तो रकाना आधी ‘मजकूर’ ठरवायचा. आलेल्या प्रत्येक यादीत गटाच्या रकान्यात ४० हजारांच्या पुढचा आकडा किंवा महिन्याचे नाव शोधायचे. सापडले तर यादी परत.

सातबारा फुटला पण नकाशावर फाळणी चढली नाही, असेही गट आहेत. तिथे हिस्स्याची काल्पनिक रेघ मारायची नाही. नकाशावर मूळ गट राहील, हिस्से यादीत मजकूर म्हणून येतील.

२५ फेब्रुवारी

आलेल्या एका यादीत रकान्याचे नाव ‘डीपी’. वीजवाले आणि शेतकरी डीपी म्हणतात ते रोहित्राला. नगररचनेत डीपी म्हणजे विकास आराखडा. थर जोडल्यावर आराखड्यातल्या आरक्षणाच्या खुणा रोहित्रे म्हणून दिसू लागल्या. रकान्यांचा अर्थ पत्रातच का मागायचा ते इथे दिसले.

दुसऱ्या यादीतले अर्धे बिंदू सांगलीत आणि अर्धे कागल-निपाणीच्या मधे. अंश-मिनिटे आणि दशांश यांची सरमिसळ. १६ अंश ५१ मिनिटे म्हणजे १६.८५, ते १६.५१ असे लिहिले की बिंदू सदतीस किलोमीटर दक्षिणेला जातो. अक्षांश-रेखांश उलटे पडले असतील तर बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला समुद्रात सापडतो. ती चूक बरी, लगेच दिसते. सदतीस किलोमीटरची चूक जिल्ह्याच्या नकाशावर ‘शेजारच्या तालुक्याचे असेल’ म्हणून खपून जाते.

दशांश स्थळे किमान पाच हवीत, म्हणजे साधारण एक मीटर. तीनच दिली तर शंभर मीटरचा घोळ.

रोहित्रांसाठी ठिकाणाशिवाय तीन गोष्टी मागितल्या : फीडरचे (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीचे) नाव, खालच्या पेटीची जमिनीपासूनची उंची आणि लगतच्या दोन खांबांमधल्या तारांची सर्वांत कमी उंची. रोहित्र खांबांवर असते, पाणी आधी पेटीला लागते. वीज बंद करायची तर फीडरवरून, म्हणून एक पेटी बुडाली की तिच्यासोबत कोरड्या भागातलेही कोण अंधारात जाते ते आधी कळायला हवे. तारांची उंची बोटींसाठी. पाणी चढले की बोट आणि तार यांच्यातले अंतर तेवढेच कमी होते, आणि हे कुठल्याच नकाशावर नसते. आमच्या मते या प्रकल्पातला हा सगळ्यात मोलाचा रकाना आहे.

१० मार्च

उंची. इथे घाई करायची नाही, कारण चूक फुटाफुटाने माणसांवर येते.

पूल-बंधाऱ्यांचे रोजचे पत्रक फुटांत असते : कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ बंधारा, राजापूर बंधारा. पाणी मोजायच्या प्रत्येक पट्टीचे शून्य वेगळ्या उंचीवर. भिलवडीचे ४० फूट आणि आयर्विनचे ४० फूट ही एक उंची नव्हे. दोन आकडे एकमेकांतून वजा करून काहीच निघत नाही. केंद्रीय जल आयोगाच्या अर्जुनवाड-कुरुंदवाडच्या केंद्रांचे आकडे मीटरमध्ये. म्हणून प्रत्येक पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची लेखी मागितली, कोणत्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेल्या खुणेवरून) काढली त्यासह. मग हिशेब सरळ : फूट गुणिले ०.३०४८, अधिक शून्याची उंची. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, ४५ फूट म्हणजे १३.७२. इशारा आणि धोका यांत अंतर फक्त १.५२ मीटर.

हा दीड मीटर डोक्यात ठेवूनच जमिनीच्या उंचीचा थर निवडायचा. फुकट मिळणारे ३० मीटर जाळीचे उपग्रही उंचीनकाशे डोंगर-दऱ्या दाखवायला ठीक, पण त्यांच्या उंचीतली चूक काही मीटरची. त्यावर ४० आणि ४५ फुटांचे दोन रंग भरले तर नकाशा सुंदर दिसतो आणि खोटा असतो. शिवाय झाडे आणि घरांचे माथे तिथे जमीन म्हणून येतात, उभा ऊससुद्धा. शहरासाठी आणि काठच्या गावठाणांसाठी लेव्हलिंगचे (दुर्बीण लावून उंची मोजलेले) बिंदू किंवा जमिनीवरच्या नियंत्रणासह ड्रोनची मोजणी, एवढेच मान्य.

ड्रोन आणि जीपीएसच्या उंचीत दुसरी खोच. उपकरण उंची देते ती गोलाभापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. या भागात दोहोंत सत्तर मीटरच्या आसपास फरक आहे आणि गोलाभावरचा आकडा लहान येतो. सत्तर मीटर चुकले तर कोणालाही दिसते. घात होतो तो अर्धवट दुरुस्तीत : एकाने एक जिऑइड प्रतिमान (समुद्रसपाटी कुठे धरायची ते सांगणारे) वापरले, दुसऱ्याने दुसरे, आणि दोन थरांत अर्ध्या मीटरची पायरी पडली. त्यामुळे उंचीच्या प्रत्येक थरासोबत कोणते प्रतिमान वापरले ते लिहिणे बंधनकारक.

शेवटची गोष्ट : नदीचे पाणी ताटातल्यासारखे सपाट नसते. पुरातही ते उताराने वाहते. आयर्विनची उंची धरून भिलवडीपर्यंत सपाट पाणी भरले तर वरच्या गावांत ते खरे त्यापेक्षा कमी दिसते आणि औदुंबर, अंकलखोप कोरडे राहतात. वरच्या पट्ट्याला भिलवडी, शहराला आयर्विन, खाली अंकली व म्हैसाळ. हरिपूरला वारणा मिळते. समडोळी, कवठेपिरानकडे पाणी वारणेच्या अंगाने येते, तिथे नुसत्या आयर्विनवरून यादी काढायची नाही.

२४ मार्च

पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंच्या मधे नियंत्रित. या रेषा बांधकामाच्या परवानगीसाठी. उद्या पाणी कुठवर येणार हे त्या सांगत नाहीत. दोन्ही कामांना एकच थर वापरू नये, म्हणून नावेच वेगळी दिली : ‘नियमनाची रेषा’ आणि ‘पातळीनिहाय पाणी’.

कागदी नकाशावर रेघेची जाडी अर्धा मिलिमीटर असली तर १:५००० वर ती जमिनीवर अडीच मीटर होते, १:१०,००० वर पाच मीटर. घर रेघेवर आले तर आत की बाहेर हे नकाशा मोठा करून ठरत नाही. रेषा मुळात नदीच्या आडव्या छेदांवरच्या (एका काठापासून दुसऱ्यापर्यंत मोजलेल्या ओळींवरच्या) पातळ्यांतून येते, दोन छेदांच्या मधे ती जोडलेली असते. म्हणून रेषेबरोबर छेदांचा तक्ताही मागितला. वादाच्या ठिकाणी जवळच्या दोन छेदांच्या पातळ्यांवरून मधली पातळी काढायची आणि जागेवर लेव्हल लावायची.

७ एप्रिल

शिवार तपासणी. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्याच्या खुणा अनेक भिंतींवर लोकांनी रंगाने करून ठेवल्या आहेत. त्या तपासणीला फार उपयोगी, पण निवडून घ्यायच्या. विटांच्या भिंतीत ओल वर चढते, तिचा डाग पाण्याच्या पातळीपेक्षा उंच असतो. खिडकीच्या लाकडी झडपेवर किंवा लोखंडी दारावर गाळाची बारीक सरळ रेघ असते, ती खरी. एका ठिकाणी निदान तीन खुणा, त्या आपसांत दहा सेंटीमीटरच्या आत जुळल्या तरच नोंद.

फोनच्या जीपीएसने ठिकाण तीन ते पाच मीटरपर्यंत येते, उंची मात्र फोनवरून कधीच घ्यायची नाही.

२१ एप्रिल

कार्यालयांमधला करार, एकच पान. थराचे नाव, धनी, दर किती दिवसांनी नवी प्रत, कोणत्या कामाला वापरता येईल, पुढे कोणाला देता येईल, चूक कळवायचा मार्ग. चूक कळवण्याचा तक्ता चार रकान्यांचा : कुठे, काय दिसते, काय हवे, पुरावा. धन्याने पंधरा दिवसांत ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘तपासणीत’ यांतले एक लिहायचे. अमान्य असेल तर कारण. तोपर्यंत आपल्या नकाशावर ती जागा तुटक रेघेने दाखवायची. मूळ आकाराला हात लावायचा नाही.

मिळकतींच्या यादीत नावे, फोन, थकबाकी आले होते. ते सामायिक थरात नकोत. मिळकत क्रमांक, मजले, तळमजल्याची उंची एवढे पुरते. नावे लागली तर क्रमांकावरून मूळ कार्यालयातच बघावीत. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच. पण कायदा नसता तरी, कोणाचे घर रिकामे आहे याची यादी पेनड्राइव्हवर फिरू देणे बरोबर नाही.

६ मे

प्रत की थेट जोड? बारमाही कामाला थेट जोडच बरी : धन्याच्या सर्व्हरवरचा थर आपल्या नकाशात दिसतो आणि तिकडची दुरुस्ती इकडे आपोआप येते. पण पुरात पहिली जाते ती वीज, मग टॉवरच्या बॅटऱ्या. म्हणून १ जूनच्या आधी सर्व थरांची गोठवलेली प्रत प्रत्येक तहसीलमध्ये दोन लॅपटॉपवर, आणि ए-३ आकाराचे कागदी नकाशे. कागदावर गडद निळ्यात काळी अक्षरे टाळायची. विजेरीच्या उजेडात वाचता येत नाहीत. पाण्याला फिका रंग आणि कडेला जाड रेघ.

२० मे

रंगीत तालीम. तिघांना एकच फाइल आणि एकच आकडा दिला : आयर्विन ४० फूट. तीन याद्या आल्या, तिन्ही वेगळ्या. माहितीत दोष नव्हता, निवडीच्या रीतीत होता. एकाने पाण्याला स्पर्श होणारे सगळे गट घेतले, दुसऱ्याने ज्यांचा मध्यबिंदू पाण्यात आहे ते, तिसऱ्याने पूर्ण बुडालेले. वेगवेगळ्या कार्यालयांचे आकडे जुळत नाहीत त्याचे एक मोठे कारण हेच असावे.

निर्णय : लोक हलवण्याच्या यादीला ‘स्पर्श’, कारण तिथे एक घर जास्त आले तर चालते, कमी आले तर नाही. पंचनाम्याच्या तयारीला बुडीत क्षेत्राचा हिस्सा, गटाच्या सातबारा क्षेत्राशी ताडून. मध्यबिंदूची रीत बंद, कारण काठचे गट लांब निमुळते असतात आणि त्यांचा मध्य अनेकदा वरच्या अंगाला पडतो. रीतीचे नाव यादीच्या शीर्षकातच छापायचे.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट ही पहिल्यांदा पाणी शिरणारी ठिकाणे. ती यादीत अगदी वर आली नाहीत तर आकडा किंवा थर चुकला आहे असे समजून थांबायचे. यंत्राच्या यादीला माहीतगार माणसाची ही कसोटी दरवेळी लावायची.

१ जून

गोठवलेल्या प्रती पोहोचल्या. प्रत्येक ए-३ पानाच्या तळाशी थरांच्या तारखा, पट्टीच्या शून्याचा संदर्भ आणि निवडीची रीत छापली आहे. शिल्लक कामे : नदीच्या मध्यधारेवर शिवा मिळणाऱ्या गावांत काही ठिकाणी फट आणि काही ठिकाणी दुहेरी पट्टा आहे, तो दोन्ही गावांच्या नकाशांची प्रमाणे वेगळी असल्यामुळे, धन्याकडे तक्ता गेला आहे, तोपर्यंत तुटक रेघ. तारांच्या उंचीचा रकाना गावभागात भरला, सांगलीवाडीत निम्मा रिकामा. रिकाम्या जागी शून्य भरलेले नाही, ‘मोजले नाही’ असे लिहिले आहे. पहिली उघडीप मिळेल तेव्हा हे काम तिथून पुढे सुरू करायचे.